हात मांडीवर ठेवून

नागपूर,
१८ नोव्हेंबर

प्रिय ताई,

"भिऊ नको वं, मी धरून आहो तुले." शाळेच्या पटांगणात मला पहिली फिट आली, तेव्हा तू म्हणाली होतीस. बाकीच्या मुली हुंगवायला चप्पल शोधत होत्या. आज पोहे परतताना ते वाक्य कानात आलं, म्हणून लिहायला बसले.

आम्ही बरे आहोत. काटोलला थंडी पडली का? भाऊजींचा गुडघा कसा आहे? तू पाठवलेली संत्री संपली. साली अजून गच्चीवर वाळताहेत.

परवा पुन्हा फिटच्या आधीचा तो वास आला. बहार नसताना संत्र्याच्या फुलांचा. भिंती पाण्याखाली असल्यासारख्या हलल्या, आणि मी गेले.

माझ्या मेंदूच्या डॉक्टर, डॉ. गुंजन, म्हणतात, आता मेंदूचा नकाशा काढू. डोक्याला तारा चिकटवायच्या, गोळ्या कमी करायच्या आणि दवाखान्यात फिटची वाट बघायची. मेंदूतली कुठली जागा कुठल्या जागेशी बोलते, ते संगणक जुळवून दाखवतो. त्यांनी दुसऱ्या कुणाचा तरी नकाशा दाखवला. संध्याकाळी एसटीतून दूरची गावं दिसतात ना, तसे दिवे, अन् मधून रेघा. कितीतरी रेघा एकाच दिव्याकडे वळलेल्या.

"हे शेजारी त्याला आवरून धरतात," त्या म्हणाल्या. "पकड सुटली की फिट."

"म्हणजे आमची ताई!" मी म्हटलं. त्या हसल्या. मला नाही हसता आलं.

फिट जिथून सुरू होते ती जागा नेमकी सापडली, तर ऑपरेशन होऊ शकेल. कदाचित कायमची सुटका. पण त्यासाठी फिट पूर्ण येऊ द्यायची. कुणी दाबून धरायचं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीत माझा खांदा निखळला. फिटच्या आधी न्हाणीत घसरले होते, असं मी तुला सांगितलं. ताई, मी घसरले नव्हते. शुद्धीवर आले तेव्हा तुझे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर होते. घामानं भिजली होतीस. तेच वाक्य म्हणत होतीस.

सोमवारी भरती व्हायचंय. हे थांबायला तयार आहेत. पण त्या पाण्यातून वर येताना मला आवाज तुझाच ऐकू येतो.

म्हणून तू ये. पलंगाजवळ खुर्चीत बस. नर्स मला पडू देणार नाहीत. तू फक्त ते वाक्य म्हण, हात मांडीवर ठेवून.

"माह्यानं नाही होत वं," असंच म्हणशील. तरी विचारते. एवढ्या एका वेळी धरू नकोस.

तुझ्या हातांत वाढलेली,
जयवंता