तपासणीच्या दिवशीची सुट्टी

खडकी, पुणे
८ जुलै २०२५

ती. बाबांस,
मैत्रीचा सविनय जय भीम, वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही सगळ्यालाच ‘बरं बरं’ म्हणता, म्हणून लिहिते. वाईला दादाकडे करमतंय ना? वहिनी करतात म्हणून रोज गोड खाऊ नका.

आम्ही सात मुख्याध्यापकांनी मिळून शाळांसाठी सारख्या कसोट्या ठरवल्यात. एकाने दुसऱ्याची शाळा पाहायची आणि दिसेल तेच लिहायचं. चिठ्ठीत मला गुलटेकडीची तुमचीच शाळा आली. चौथीची मुलं इतकी सुरेख वाचत होती की माझी मान ताठ झाली. पण पटावर बत्तीस आणि वर्गात तेवीस.

परतताना मार्केट यार्डात भाजीला थांबले. तिथे समाधान नावाच्या हमालांनी मला गुरुजींची मुलगी म्हणून ओळखलं. त्यांची स्वराली त्याच वर्गातली. आज तपासणी, म्हणून कच्च्या मुलांना घरी ठेवायला शाळेनेच सांगितलं, म्हणाले. त्यांना त्यात वावगं वाटत नव्हतं. लहानपणी तात्याराव गुरुजी, म्हणजे तुम्ही, त्यांनाही असंच घरी पाठवायचात.

तिथले आताचे मुख्याध्यापक श्यामसुंदर सर म्हणाले, ही शाळेची जुनी पद्धत आहे. खरं लिहावं तर तुमचं नाव येतं, गाळावं तर कसोट्या ठरवल्या कशाला? एकोणीस तारखेला अहवाल सगळ्यांपुढे वाचायचाय. मला काही सुचत नाही.

राग आला तरी लोभ कमी करू नये.
तुमची मैत्री

वाई
१३ जुलै २०२५

चि. मैत्रीस,
जय भीम व अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गोडाबद्दल तुझ्या वहिनीला लिही, मला नको.

समाधान आठवतो. जोडाक्षरापाशी अडखळायचा. तपासणीला साहेब यायचे त्या दिवशी मी त्याला आणि आणखी पाच-सहा जणांना घरी पाठवायचो. शाळेला ‘उत्तम’ शेरा मिळायचा आणि मी मिशीला पीळ द्यायचो. वर्गाबाहेर बसणं काय असतं, ते माझ्या वडिलांनी भोगलं होतं. तरी मी हे केलं, याची लाज वाटते.

दुसऱ्या मुख्याध्यापकाला मी कधी शाळेत पाऊल टाकू दिलं नाही. टाकू दिलं असतं तर बाकीची मुलं कुठे आहेत, असं कुणीतरी विचारलं असतं. तुम्ही सात जण ते एकमेकांना विचारताय. पोरी, मला तुझा फार अभिमान वाटतो.

खरं लिही. माझं नाव घाल, श्यामसुंदरला एकट्याला धरू नकोस. हे पत्रही तिथे वाच.

मुलांना पापे. तब्येतीस जपावे.
तुझे बाबा

खडकी, पुणे
२ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस,
सविनय जय भीम, वि. वि.

एकोणीसला अहवालानंतर तुमचं पत्र सगळ्यांपुढे वाचलं. श्यामसुंदर सरांनी उठून चूक कबूल केली, मग एकेक करत आणखी चौघांनी. त्यांत मीही होते. दोन वर्षांपूर्वी साहेब आले तेव्हा दोन मुलांना मी खेळाचं सामान मोजायला धाडलं होतं. आता सगळ्यांनी सह्या करून नवी कसोटी घातलीय: पटावरची मुलं आधी मोजायची, मग वाचन.

गुरुवारी तुमच्या शाळेत पुन्हा तपासणीला गेले. बत्तीसच्या बत्तीस हजर. स्वरालीने तीन वाक्यं वाचली, चौथ्याला अडली, आणि कुणी हसलं नाही. शाळा ‘उत्तम’वरून ‘साधारण’वर आली. श्यामसुंदर सरांनी तो शेरा दर्शनी फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहिला. बाबा, त्या शाळेचा मला इतका अभिमान पूर्वी कधी वाटला नव्हता.

समाधान यार्डातून तसेच आले होते आणि शेवटपर्यंत दारात उभे होते. तुम्हाला कळवायला सांगितलंय, की तपासणीच्या दिवशी वर्ग कसा दिसतो ते त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

आमच्यावर आहे तसाच लोभ असू द्यावा.
तुमची मैत्री