पापणीवरचं सोनं

हिंदुरावतात्या, "गोळ्या खाणारा माणूस मरायला टेकलेला असतो, तवा जमिनीचं लिहून मोकळा हो," असं तुम्ही भर पंगतीत मला, पुतण्याला, बोललात. मी तूप नको म्हणालो, एवढाच गुन्हा. मरायला मी टेकलेलो नाही. पण तुमची हौस राहून जाऊ नये म्हणून लिहितो.

मी मालोजी आबाजी खराडे, वय सत्तावीस, शिक्षण चौथी, धंदा कंपनीत मिलिंग मशीन चालवणे, राहणार पिंपळे गुरव. डोकं ठिकाणावर आहे, नशापाणी नाही, कुणाचा धाक नाही. माझ्या माघारी पुढीलप्रमाणे करावे.

प्रॉव्हिडंट फंड आणि पोस्टातली शिल्लक आई कौशल्याबाई हिला. माझ्या तेराव्याला पुऱ्या तुपात नको, करडईच्या तेलात तळाव्यात. गाव हसलं तर हसू दे.

सायकल खोलीतला जोडीदार गुरुदत्त याला द्यायची होती, पण साक्षीदाराला काही देऊ नये म्हणतात. तो म्हणाला, "राव, मग साक्षीला दुसरा बघ की! ब्रेक मी बसवलेत." सही त्याचीच घेतली. सायकल आईनं विकावी.

आता मुद्द्याचं. आपल्या घरात ज्याच्या पापणीवर पिवळा डाग उठतो त्याला लक्ष्मी लागली म्हणतात, आणि तुपाची पहिली पळी त्याच्या पानात पडते. आजोबांना डाग होता, बाबांना होता. दोघंही चाळिशीच्या आत छाती धरून गेले. मला आहे. धाकट्या भावाला, ज्योतीरामला, तर विशीतच उठलाय. कंपनीच्या डॉक्टरांनी माझा डाग बघितला आणि रक्त काढायला लावलं. ते सोनं नव्हे तात्या, रक्तातली चरबी आहे, कोलेस्टेरॉल म्हणतात, बापाकडून पोराला येते. गोळ्या आणि पथ्यानं वर्षभरात माझा आकडा चारशे दहावरून तीनशे वीसवर आला. मी विचारलं, "म्हणजे वाचलो?" डॉक्टर म्हणाले, "तशी हमी अजून कुणी देत नाही. पण उतरतोय ते चांगलंच." मला तेवढं पुरे. मी म्हातारा होणार.

म्हणून माझ्या वाट्याची जमीन ज्योतीरामला. अट एकच, त्यानं इथं येऊन रक्त तपासावं आणि डॉक्टर सांगतील ते ऐकावं. नाही आला तर जमीन आईला. तुम्हाला नाही.

तुम्हाला तुपाची चांदीची पळी. तुमच्या पापणीवर कधी डाग उठला नाही, पहिली पळी कधी तुमच्या पानात पडली नाही, हा राग तुम्ही जन्मभर धरलात. पण तात्या, आपल्या घरात साठी ओलांडलेला गडी तुम्ही एकटेच. खुशाल ओरपा. ज्योतीरामच्या पानात मात्र थेंबही वाढू नका.

हे मी स्वतःच्या हातानं लिहिलं, वाचलं आणि दोघांसमोर सही केली.

सही: मालोजी आबाजी खराडे
साक्षीदार: १) गुरुदत्त विठोबा सुर्वे २) सदाशिव रामभाऊ काशिद
ठिकाण: पिंपळे गुरव. तारीख: ८ फेब्रुवारी १९७६

ज्योतीरामच्या नावे, त्याच्याच हातात देण्यासाठी, एसटीचं भाडं आणि रक्ततपासणी मिळून मनिऑर्डरने पाठवले रुपये साठ.