इंडिकेटर लाल होईपर्यंत उघडू नये

मी, शामला चंपतराव भोयर, वय एकाहत्तर, राहणार मनीषनगर, नागपूर, हे मृत्युपत्र लिहीत आहे. कारण सोमवारी माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे, आणि माझी दोन्ही मुले काल वाडी येथील आमच्या यार्डात, बंद पडलेल्या पोकलेनपुढे (खोदाईच्या मशीनपुढे) उभी राहून भांडली. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. तशी कोणाची हिंमत नाही.

१. मनीषनगरचे घर मुलगा आयुष याला. बँकेतील ठेवी आयुष व मुलगी मिनल यांना निम्म्या-निम्म्या.

२. माझे यजमान गेले तेव्हा नणंद कामिनी तेराव्याला म्हणाली होती, "वहिनी, मशिनी विकून टाक. बाईमाणसाले जमते का हे?" तिला माझी शिवणाची मशीन द्यावी. ती तिला जमेल.

३. पोकलेन, लोडर आणि वाडीचे यार्ड मिनलला. याचे कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर आयुष जन्मभर विचारत राहील.

आयुष आळशी नाही. रोज सकाळी तो पोकलेनला उदबत्ती ओवाळतो, मग इंजिनच्या हवेचा फिल्टर काढून टायरवर आपटतो, कंप्रेसरने फुंकतो आणि परत बसवतो. आपटून आपटून फिल्टरचा काठ वाकला आणि फटीतून गिट्टीखाणीची धूळ आत गेली. इंजिन धूर ओकू लागले, ऑइल पिऊ लागले. आता ते खोलून पडले आहे.

"मी रोज साफ करून राहिलो. तू तं हात बी लावत नाही वं!" आयुष काल बहिणीला म्हणाला.

"इंडिकेटर लाल झाला होता का? मग काहून उघडत होता गा? मशीन आहे ते, रोज घासायले जेवणाचं ताट नाही!"

मिनलचे बरोबर आहे. हवेच्या नळीवर बोटाएवढा इंडिकेटर असतो. इंजिनला हवा ओढणे जड जाऊ लागले की तो लाल होतो. तो लाल झाला, किंवा पुस्तिकेतली मुदत संपली, तरच फिल्टर बदलावा. नुसता मळलेला दिसतो म्हणून नाही. आतला लहान फिल्टर तर कधीच झटकू नये. तो बदलायचाच असतो.

मी विज्ञानाची पदवीधर. तरी यजमानांच्या पश्चात उन्हाळाभर चाललेला फिल्टर पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा तो उलटसुलट करून पाहतच राहिले. त्याच्या कागदाच्या बाहेरच्या घड्यांत दगडाचे पीठ दाटले होते आणि आतली बाजू कोरी होती. एक लिटर डिझेल जाळायला इंजिन हजारो लिटर हवा ओढते. ती सगळी या कागदातून गेली होती. एका बाजूला डोंगर फुटत होता आणि दुसऱ्या बाजूला त्याचा कणही पोचला नव्हता. त्याहून नवल म्हणजे थोडी धूळ बसलेला कागद कोऱ्या कागदापेक्षा जास्त बारीक धूळ अडवतो. अडवलेली धूळच पुढच्या धुळीला अडवते. आयुष रोज नेमकी तीच झाडून टाकत होता. मी देवळात क्वचित जाते, पण त्या दिवशी यार्डात हात जोडावेसे वाटले.

४. कंप्रेसर पंक्चरवाल्याला देऊन टाकावा. आयुषला यार्डात काम करायचे असेल तर मिनलने नाही म्हणू नये. उदबत्तीला माझी हरकत नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला आणि दोन्ही मुलांसमोर मोठ्याने वाचला.

सही: शामला चंपतराव भोयर
साक्षीदार: कुसुमताई राऊत (शेजारी); सुशील डहाके (वकील, राहणार सदर, नागपूर)
स्थळ: नागपूर. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

ताबा दिल्याची नोंद: यार्डाच्या फाटकाची व लोडरची चावी मी आजच मिनलला दिली. पोकलेनची चावी आयुषच्या खिशात होती. ती मी मागितली नाही. तो मिनलला म्हणाला, "इंजिन बांधशील तेव्हा मले बोलाव," आणि चावी त्याने स्वतः बहिणीच्या हातावर ठेवली.

"उद्या सकाळीच ये," मिनल म्हणाली.

दिली: आयुष. मिळाली: मिनल.