जन्मल्या दिवशीची सुई

मुदखेड,
१४ जानेवारी २००२

चि. सौ. जयास,
आईचा तुला आणि पोटातल्याला मिळून एकच आशीर्वाद, नंतर वाटून घ्या. वि. वि.

त्या सकाळी सडा टाकला, दूध तापवलं आणि मी उन्हात गोधड्या टाकत होते. तुझे बाबा आरशासमोर दाढी करत बसलेले. आरसा पिवळा पडलाय का, असं त्यांनी विचारलं. मी पदरानं पुसला, पुन्हा पुसला. आरशाला काही झालं नव्हतं. त्यांचे डोळे पिवळे झाले होते. वर्षाच्या आत लिव्हरनं त्यांना नेलं.

आज बाळासाठी जुन्या गोधड्या उपसल्या म्हणून हे आठवलं. भूकंपानंतर दोन महिने ते किल्लारीकडे पत्र्याच्या शेडच्या कामाला होते. तिथं ताप आला, कुणीतरी सुई टोचली. त्या सुईनंच घात केला, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. लोक दारूचं नाव घ्यायचे आणि त्यांनी तर उभ्या जन्मात पान खाल्लं नव्हतं.

असो. सातवा लागला की निघून ये. पहिलं बाळंतपण माहेरीच. केवळाबाई नर्सला सांगून ठेवलंय, डिंक आणि आळीव आणलेत. जावईबापू सर्वेशरावांच्या क्लासला आता इकडचीही पोरं निघालीत. त्यांना म्हणावं, बाळाला बारसं होईपर्यंत तरी रसायनशास्त्र शिकवू नका.

जिना जपून उतरत जा, एवढंच मागणं.
तुझी आई

*

लातूर,
२ फेब्रुवारी २००२

ती. आईस,
जयाचा वाकून नमस्कार. सध्या वाकवत नाही, म्हणून कागदावरूनच. वि. वि.

आमच्या गल्लीत प्रत्येक माडीवर बारावीची सहा-सहा पोरं राहून राहिलीत. पहाटे पाचला सगळ्यांचे गजर एकदम वाजतात आणि तुझा नातू लाथा मारतो. यांचं म्हणणं, तो आत्ताच पहिल्या बॅचला बसतोय.

आता खरं लिहिते. डॉक्टरीणबाईंनी रक्ताच्या सगळ्या तपासण्या केल्या. त्यात कावीळ ब निघाली, बाबांना होती तीच. कागदावर ऑस्ट्रेलिया अँटिजेन असं लिहिलंय. मी म्हटलं, मी तर लातूरच्या पुढे गेले नाही. त्या हसल्या, मग समजावून सांगितलं. मला त्रास काही नाही, लिव्हर ठीक आहे, दर सहा महिन्यांनी दाखवायचं. मोठेपणी हा विषाणू शिरला तर बहुतेकांच्या अंगातून निघून जातो. जन्मताना आईकडून आला तर बहुतेक जन्मभर राहतो. माझा असा जन्माचाच असावा, असं त्या म्हणाल्या.

आई, बाबांचं ताट-तांब्या तू वेगळं केलं होतंस. त्यांच्या पानातला घास मला घेऊ द्यायची नाहीस. ताटातून हा आजार होत नाही गं.

यांची तपासणी चांगली आली, लस सुरू केली. बाळाला मात्र जन्मल्यावर बारा तासांच्या आत लस आणि आणखी एक इंजेक्शन द्यायला हवं. दोन्ही थंड ठेवावी लागतात. लातुरात मिळतात, मुदखेडला कुणाकडे नाहीत. म्हणजे मला इथंच राहायला हवं. चाकूरहून सासूबाई विचारतात, माहेरी कधी धाडायचं. त्यांना कारण काय सांगू? त्यांनी माझंही ताट वेगळं केलं तर?

एक विचारते, रागावू नकोस. बाबांच्या वेळी आपल्यालाही तपासायला कुणी सांगितलं होतं का?

उत्तर लवकर दे, भिंतीला विचारून थकले.
जया

*

मुदखेड,
९ फेब्रुवारी २००२

चि. जयास,
आशीर्वाद. वि. वि.

सांगितलं होतं. नांदेडच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली होती, पत्नी व मुलगी यांचे रक्त तपासावे. तुला स्थळं यायला लागली होती. काही निघालं तर कोण करून घेणार, म्हणून ती चिठ्ठी मी चुलीत घातली. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तू म्हणतेस ते ताटाचं मला कळलंय. शेवटचं वर्षभर मी त्यांना परक्यासारखं वाढलं आणि ते काही न बोलता जेवले. ते आता मला परत करता येत नाही.

वाचनालयातून पुस्तकं आणली, जुन्या पुरवण्या चाळल्या. आपल्या देशात शंभरातल्या तीन-चार जणांच्या अंगात हा विषाणू आहे आणि बहुतेकांना पत्ताच नाही. तुझ्या बाबांना कुठून आला हे आता कुणी सांगू शकणार नाही, किल्लारीची सुईसुद्धा मी उगाच धरून बसले असेन. पण तुला माझ्याकडूनच आला असणार. मला माझ्या आईकडून, तिला तिच्या. एका पुरवणीत आहे, तैवानमध्ये सतरा-अठरा वर्षांपासून बाळांना ही लस देतात आणि तिथल्या शाळेतल्या पोरांत हा आजार आता शोधावा लागतो. आपल्याकडेही हळूहळू तसंच होईल, मोठ्या माणसांतच उरेल आणि आमच्याबरोबर जाईल. तुझ्या पोटातल्यापासून सुरू करू.

तू लातूरलाच राहा. तुझ्या सासूबाईंना, नीलाबाईंना तू काही बोलू नकोस, सर्वेशरावांनीही नको. लपवलं मी, सांगणारही मीच.

डिंकाचे लाडू घेऊन मीच येईन, तू धीर तेवढा धर.
आई

*

मुदखेड,
१६ फेब्रुवारी २००२

चि. जयास,
आशीर्वाद. वि. वि.

गुरुवारी चाकूरला जाऊन आले. नीलाबाई ओसरीत तूर पाखडत होत्या. मी सूप त्यांच्या हातातून घेतलं, म्हणजे त्यांना ऐकायला मोकळं होता येईल, आणि चिठ्ठीपासून सगळं सांगितलं.

त्यांनी आधी सर्वेशरावांचं विचारलं. ते बरे आहेत म्हटल्यावर मग बरसल्या. विहीणबाई, लई शिकलेल्या समजत होते तुम्हाला, लग्नाआधी सांगायचं होतं, आम्ही काय तोडून खाल्लं असतं का, असं म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही मोडलं असतं. त्यांनी पदरावरचा भुसा झटकला. मग म्हणाल्या, हाव, मोडलं असतं. दोघीही खरं बोललो, त्यानंतर बोलणं सोपं झालं.

जेवायला थांबवलं. ताट मुद्दाम त्यांच्याशेजारी मांडलं, पण हात आखडत होता, ते मला दिसलं. तुझ्याही बाबतीत आखडेल. वाईट वाटून घेऊ नकोस, माझा हात तर नवऱ्यासाठी आखडला होता.

मग इंजेक्शनं कुठल्या दुकानात, बर्फ लागतो का, रविवारी दुकान उघडं असतं का, हे चार वेळा विचारलं. आठव्यातच त्या लातूरला येऊन राहणार. भावकीला सांगणार आहेत, मुदखेडात रेल्वेशिवाय हाय काय, दवाखाने तर लातुरात. म्हटलं, आमच्या मुदखेडला आणखी काय म्हणायचं ते म्हणा. राग गेलेला नाही त्यांचा, निघताना कुंकवाऐवजी नुसती मान हलवली. माझं कुंकू गेलेलं, म्हणूनही असेल.

दारापर्यंत आल्या आणि एकच विचारलं, तुमचं रक्त तपासलं का? मी म्हटलं, नाही. चिठ्ठी जाळून सहा वर्षं होत आली, धीर झाला नाही. त्या म्हणाल्या, लेकीला घ्यायला लावता तो धीर तुम्ही कधी घेणार?

एस.टी.त सबंध वाट मी तेवढाच विचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं नांदेडला गेले आणि माझं रक्त तपासायला दिलं.

तुझी आई