शिस्तीचे एकतीस फॉर्म

३ मार्च, सकाळी ५.००
गजर वाजायच्या चार सेकंद आधी उठले. नोंद करण्यासारखं.
आमच्या तापमापक तपासणाऱ्या लॅबमध्ये नवी भट्टी आली आहे. ती कशी वापरायची याची चाळीस पानी कार्यपद्धती २४ तारखेपर्यंत जो लिहील, त्याला भट्टी विभाग. सोबत स्वतंत्र खोली. खिडकीसकट. मॅडमनी तसं जाहीरच केलंय. उमेदवार दोन: मी आणि पलीकडच्या टेबलावरचा मूडवाला.
मूडवाला मूड आला तरच काम करतो. एरवी इयरफोन घालून कोणाची तरी स्फूर्तिदायक भाषणं ऐकतो आणि मान डोलावतो. मला प्रेरणा लागत नाही. ती मोजता येत नाही. मी शिस्तीवर चालते. रोज ५.३० ते ७.३०, दोन पानं. वीस दिवसांत चाळीस. एक दिवस शिल्लक. तो खोलीच्या पडद्याचा रंग ठरवायला.

सकाळी ७.३०
टेबल डगमगत होतं. चारही पाय एका पातळीत आणले. वेळ संपली. वेळ पाळणं हीच शिस्त. उठले.

४ मार्च
५.०० ऐवजी ६.५०.
लॅबचा नियम आहे: ठरल्यापेक्षा काहीही वेगळं घडलं की डेव्हिएशन फॉर्म. काय घडलं, मूळ कारण, उपाय. दोन पानं, खाली दोन सह्या, भरणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. तो नियम आजपासून घरी लागू. फॉर्म क्र. १. मूळ कारण: गजराचा सूर मेंदूच्या सवयीचा झाला. उपाय: सूर बदलणे. तपासणारी म्हणून आईची सही घेतली. तिने सहीशेजारी शेरा मारला: तीनदा मीच बंद केला. शेजारचे उठले, ही नाही.
फॉर्मला दीड तास लागला. म्हणजे आज दीड तास लिहिलं. दोन पानंही झाली.

७ मार्च
फॉर्म क्र. ५: फॉर्म क्र. ४ भरायला उशीर झाल्याबद्दल.
मूडवाल्याने विचारलं, काय गं, कुठवर आलं? म्हटलं, सगळं वेळापत्रकाप्रमाणे. त्याचं विचारलं. म्हणाला, छे गं, मूडच लागत नाहीये. कीव आली.

९ मार्च, रविवार
आई म्हणाली, अगं, त्या भट्टीचं एक पान लिही आणि मग भर हवे तेवढे फॉर्म. आईला प्रक्रिया कळत नाही. ती घरी पडदे शिवते. गजर नाही, तक्ता नाही, तरी सहाला मशीन सुरू. ही शिस्त आणलीस कुठून, विचारलं. म्हणाली, शिस्त कसली डोंबलाची, दहाला गिऱ्हाईक दारात उभं असतं.
निव्वळ योगायोगावर चाललेला धंदा.

१३ मार्च
मोठी सुधारणा. फॉर्मना ठरावीक वेळच नव्हती, म्हणून गोंधळ होत होता. आता दिली: ५.३० ते ७.३०. त्या वेळी टेबल रिकामंच असतं.
सलग चार दिवस पाचला उठले. अंगात वारं भरल्यासारखं झालंय. आई म्हणाली, तेज आलंय हो चेहऱ्यावर, फॉर्मचं.

१९ मार्च
फॉर्म क्र. २३. मूडवाल्याने भट्टीच्या चाचण्यांचे माझे आकडे मागितले. सगळे दिले. त्याच्याकडे पडूनच राहणार.
उरले पाच दिवस, रोज आठ पानं. जमेल.

२२ मार्च
उरले दोन दिवस, रोज वीस पानं. आठपेक्षा बरा आकडा. लक्षात राहतो.
दुपारी मूडवाला खुर्चीतून उडालाच. ओरडला, आला गं, आला! दचकून विचारलं, कोण? म्हणाला, मूड! तेव्हापासून टाइप करतोय. डबाही उघडला नाही. उद्या रविवारीही येणार म्हणे. असं फार दिवस टिकत नाही.

२३ मार्च
रोज चाळीस पानं. फॉर्म क्र. ३०.

२४ मार्च, सायंकाळी ५.१५
मूडवाल्याने बेचाळीस पानं दिली. पान सातवर एका आकड्याचं एकक सुटलंय. मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, ते राहू दे, तुझं आण.
पिशवीत फाईल एकच होती. तीच दिली.
मॅडमनी वीस मिनिटं वाचली. चारदा हसल्या, चारही वेळा आईच्या शेऱ्यांवर. मग म्हणाल्या, तीस फॉर्म, साठ पानं, एक सही चुकलेली नाही. बाई गं, इतक्या नेमाने या लॅबमध्ये आजवर कोणी काही लिहिलेलं नाही.
मान आपोआप ताठ झाली.
यापुढे सगळ्या लॅबचे डेव्हिएशन फॉर्म माझ्याकडे. खोली नाही, जिन्याखालचं कपाट. तुझ्या आईला तपासायला घेता येईल का, असंही विचारलं. विनोद असावा.
मूडवाला किल्ली नाचवत म्हणाला, ये हं अधूनमधून, ऊन छान येतं. पडद्याचं तेवढं आईंना सांग.

२५ मार्च, सकाळी ५.३०
फॉर्म क्र. ३१. काय घडलं: भट्टी गेली. मूळ कारण:

सकाळी ७.२०
गजर, टेबल, पेन, हवा, उजेड, शेजाऱ्यांचं दार. सगळी कारणं आधीच्या फॉर्मांत वापरून झाली आहेत. एकच उरलं होतं. रकान्यात स्वतःचं नाव घातलं.
आई मूडवाल्याच्या पडद्याचं कापड बेतत होती. कात्री खाली ठेवून तिने फॉर्म वाचला, परत वाचला आणि सही केली.
शेरा नाही.