डेपोतून आलेला फोन

मंगळवार, १२ जुलै १९९४
ऑफिसात नवा नियम. डेपोला फोन यापुढे फक्त दळवीसाहेब करणार. आमच्या शिपिंग कंपनीत हे काम कायम सरोजअक्कांचं. व्हाइटफील्डच्या डेपोतल्या मुनिराजूला आधी "ऊट आयता?", म्हणजे जेवण झालं का, विचारायचं, मग त्याच्या बायकोच्या पायाचं, मग कंटेनरचं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "सरोजबाई, हे ऑफिस आहे, माहेर नाही." कुणीतरी हसलं. अक्का म्हणाल्या, "सरी, साहेब. बरं." मी टाइपरायटरवरून मान वर केली नाही.

गुरुवार, १४
अक्का माझ्याशी नेहमीसारख्याच. "घे गं, कोल्हापूरची म्हणवतेस नि चिमणीएवढं खातेस." पण दुपारी टेबल पुसलं नि नुसत्या बसल्या. सांगितलं तेवढंच काम. सुटायच्या आधीच पर्स खांद्याला. त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. बघवत नाही.

बुधवार, २०
साहेब बँकेत असताना मुनिराजूचा फोन, अक्कांनाच. कानडी मला स्वल्पच येतं, पण कळलं. तयार कपड्यांच्या कंटेनरच्या सीलवरचा नि कागदावरचा नंबर जुळत नाही, संध्याकाळच्या मद्रास गाडीवर चढवणार नाहीत. अक्का म्हणाल्या, "साहेबांना सांग," नि ठेवला. तो कसला सांगतोय! साहेब त्याच्यावर दोनदा ओरडलेत.
साहेब परत आले. अक्का गप्प. मी त्यांच्याकडे पाहिलं. हळूच म्हणाल्या, "मला कुणी विचारलंय?"
मीही बोलले नाही. अक्का बोलतील म्हणून थांबले, आणि मग गाडीची वेळ टळून गेली.

शनिवार, २३
मद्रासहून जहाज गेलं, कंटेनर इथंच मागे राहिला. ज्यांचा माल ती पार्टी येऊन तमाशा करून गेली. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तू सरळ मुलगी आहेस. डेपोवाले म्हणतात, फोन केला होता. कुणी घेतला?"
म्हटलं, "आठवून सोमवारी सांगते."
आठवून! माझ्या वडिलांनी, दादांनी, पाचवीपर्यंत घरीच शिकवलं. पाटी पुसायच्या आधी आपली चूक आपण दाखवायची, हे अक्षरांच्याही आधी.
जेवले नाही.

रविवार, २४
कोरमंगलाला अक्कांच्या घरी गेले. तांदूळ निवडत होत्या. आत मिस्टरांचा खोकला. त्यांची नोकरी सुटून वर्ष झालं. सगळं सांगितलं.
"मग सांग की. खरं तेच सांग."
"अक्का, तुम्हाला काढतील."
"काढू देत." खडा बाजूला टाकला. "पूर्वी घरी आले तरी जीव डेपोत असायचा गं. गाडी सुटली का, माल चढला का. आता बसमध्ये बसलं की काही आठवत नाही. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?"
बरं वाटतं म्हणाल्या नि पदरानं डोळे पुसले. त्यांची मुलगी शैला चहा घेऊन आली तशा लगेच हसल्या. शैलाची बारावी आहे.
निघताना म्हणाल्या, "तुझं नाव येऊ देऊ नकोस फक्त."

सोमवार, २५, सकाळ
झोप नाही. ठरवलंय. आधी माझं सांगायचं. मला कळलं होतं, मी बोलले नाही. त्याला माझी तयारी आहे, काय व्हायचं ते होवो.
पण साहेब पुढचं विचारणारच. तुला कसं कळलं?