रकान्यातली आडवी रेघ

बाई, तुम्ही रेघ ओढताना पट्टी जराही हलायची नाही. डाव्या हाताची दोन बोटं पट्टीवर, उजव्या हातात लाल शाईचं पेन, आणि एका दमात इकडून तिकडे. आज शाळेत रजिस्टर आखायला बसले तर माझी बोटंही आपोआप तशीच पट्टीवर गेली. पट्टीही तुमचीच आहे, पितळी कडेची, निवृत्त झालात त्या दिवशी मला दिलेली. तुम्ही गेल्याला आता खूप वर्षं झाली. मेलेल्या माणसाला पत्र लिहिणं वेडेपणाचंच, पण जिच्याशी भांडायचं तीच हयात नसली की दुसरं काय करणार?

कासारवाडीच्या आपल्या शाळेत वडिलांनी मला आणलं तो दिवस मला आठवतो. की वडिलांनी इतक्या वेळा सांगितला की आठवल्यासारखा वाटतो, कोण जाणे. परभणीहून येऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं. वडील फौंड्रीत कामाला होते, त्यांच्या शर्टाला सारखा जळकट वास यायचा आणि तुमच्या टेबलापासून ते जरा लांबच उभे होते. छोटी शाळा, मुख्याध्यापिका तुम्हीच आणि पहिलीच्या बाईही तुम्हीच. तुम्ही नाव विचारलंत, जन्मतारीख विचारलीत, ती काही त्यांना नीट सांगता आली नाही. मग ते आपणहून म्हणाले, "बाई, आमी —— हाव. लिवा तसं." तुम्ही पेन खाली ठेवलंत. "माझ्या शाळेत सगळी मुलं सारखी. हा रकाना मी कुणाचाच भरत नाही," असं म्हणालात, पट्टी घेतलीत आणि माझ्या नावापुढच्या जातीच्या रकान्यात लाल रेघ ओढलीत. वडील त्या दिवशी घरी येताना उगाचच हसत होते. नळावर, कंपनीत, गावाकडच्या पत्रात, सगळीकडे त्यांनी ती रेघ सांगितली. आणि खोटं कशाला बोलू, तुमच्या शाळेतली माझी सात वर्षं सुखाची गेली. मला कुणी वेगळं बसवलं नाही. माझ्या डब्यातली भाकरी तुम्ही मागून खायचात. बाहेरचं जग कसं आहे हे मला कळायला उशीर झाला तो तुमच्यामुळे, आणि त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे की तुमच्यावर चिडलेली आहे, हे मला आजही धड सांगता येत नाही.

दहावीला मला चांगले मार्क पडले. डिप्लोमाला जायचं होतं, मशीनची चित्रं काढायची होती. खुल्या यादीत थोडक्यात हुकलं, आमच्या यादीत पहिल्याच फेरीत लागलं असतं. त्यासाठी जातीचा दाखला हवा, आणि तहसील कचेरीतल्या क्लार्कने शाळेचा दाखला उलटसुलट करून पाहिला. "इथं तर नुसती रेघ आहे. पुरावा आणा." वडील रजा काढून गावी गेले. आजोबांनी शाळेची पायरी चढलेली नव्हती, जमीन नव्हती, कागद कुठून येणार? तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, बाई. तुम्ही रेघ सगळ्यांनाच ओढली होती, पण बाकीच्यांच्या घरी ट्रंकेत आजोबांचे दाखले होते, सातबारे होते. त्यांची रेघ कुणीही पुसून दिली असती. आमच्याकडे तुमच्या रजिस्टरातली ती एक ओळ हाच काय तो कागद.

म्हणून आम्ही दोघं तुमच्या घरी आलो; तुम्ही तेव्हा नुकत्याच निवृत्त झाला होतात. तुम्ही स्वयंपाकघरात मेथी निवडत बसला आहात. आम्हाला तिथेच आत बोलावता, पाट देता, चहा टाकता. वडील चाचरत सांगतात की शाळेत एक अर्ज दिलात तर नोंद दुरुस्त होईल. तुमचे हात थांबतात. तुम्ही त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघता. "तूसुद्धा? एवढी हुशार मुलगी तू, तुला कशाला हवा असला आधार? पुढच्या वर्षी आणखी अभ्यास कर." मी कपातल्या सायीकडे बघत राहते. वडील म्हणतात, "बाई म्हनत्यात ते बरुबर हाय." पुढे मी बारावी केली, डी.एड.ला दुसऱ्या वर्षी नंबर लागला, आणि निघोज्याच्या या शाळेत चिकटले. वडील शेवटपर्यंत तुमचं नाव हात जोडून घ्यायचे. मला त्याचा राग यायचा.

आता हे ऐका. गेल्या जूनमध्ये चाकणच्या एका कंपनीतला कामगार पहिली शिफ्ट सुटल्यावर तसाच गणवेशात शाळेत आला, सहावीत मुलीचं नाव घालायला. हिंगोलीकडचा. फॉर्म भरताना हळूच म्हणाला, "मॅडम, त्यो जातीचा रकाना रिकामा ठिवता का? गावाकडं पोरीला लई तरास झाला." मला तुम्ही आठवलात आणि मी पेटले. त्याला बसवून घेतलं. माझ्या एका मैत्रिणीच्या बाईंनी असाच रकाना सोडला होता, असं म्हणून सगळी हकीगत सांगितली. तहसील कचेरी, डिप्लोमा, सगळं. तो ऐकत राहिला. "मंग लिवा," म्हणाला. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. त्या दिवशी मला वाटलं, तुमचं एक चुकलेलं गणित मी सोडवलं.

ऑगस्टमध्ये ऑफिसातून मागासवर्गीय शिष्यवृत्तीची यादी आली. शिपाई दारात उभा, माझा तास अर्धा राहिलेला, आणि मी घाईत यादी मोठ्याने वाचली. "नावं घेते त्यांनी उभं राहा." मुलगी उभी राहिली. सगळा वर्ग वळून बघायला लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय केलंय ते, पण तोवर वाचून झालं होतं. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारची मैत्रीण मागच्या बाकावर जाऊन बसली. मी तिला परत पुढे आणलं तर ती रडली, आणि मग त्या मैत्रिणीची आई मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन आली. मी भांडले, नाही असं नाही. नियम सांगितले, आवाज चढवला. तरी मुलगी बाकावर एकटीच राहिली. शिष्यवृत्तीचा फॉर्म द्यायला ती टेबलाशी आली तेव्हा हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमी लहान होता तवा तुमचं बी नाव असं घ्यायचे का?"

मी म्हटलं, "नाही."

खोटं नव्हतं ते, बाई. माझं नाव कुणी कधीच असं घेतलं नाही, तुमच्या रेघेमुळे. ती मान हलवून जागेवर गेली. मी पुस्तक उघडायला सांगितलं. त्या एका शब्दाऐवजी माझ्या जातीचं नाव उच्चारलं असतं तर ती पोर कदाचित टिकली असती. पण शिक्षकांच्या खोलीत गेली वीस वर्षं मी सगळ्यांबरोबर जेवते, संक्रांतीला घरोघरी हळदीकुंकवाला जाते. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही, आणि मी कळू दिलेलं नाही.

दिवाळीनंतर बाप दाखला न्यायला आला. मुलीला गावी आजीकडे ठेवणार म्हणाला. शाळेचं काय, विचारलं तर म्हणाला, "बगू." मला वाटलं होतं चिडेल. त्याने दाखल्याची घडी करून खिशात ठेवली आणि जाता जाता विचारलं, "तुमच्या त्या मैत्रिनीचं फुडं बरं झालं का वो, मॅडम?" मी म्हटलं, बरं झालं, नोकरीला आहे.

तुमच्याशी भांडायला बसले होते. तुम्ही आम्हाला ओळखूनही ओळखलं नाहीत, असं लिहिणार होते. लिहून झाल्यावर आता पहिल्यापासून वाचलं. हे पत्र कुणीही उघडणार नाही, रजिस्टरांच्या कपाटात खालच्या कप्प्यात जाईल. तरीसुद्धा वर वडिलांचं बोलणं लिहिताना त्यांनी स्वच्छ उच्चारलेला तो शब्द मी लिहिलेला नाही. तिथे पट्टी ठेवून रेघ ओढली आहे.